रंगभवन, आय-रॉक आणि सेप्टर : मुंबईच्या थ्रॅश मेटलचा वृत्तान्त

चंडीगढच्या आपल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत महाराष्ट्रातल्या एखाद्या संस्थेचा इतिहास असावा, असं संपादक मंडळींनी सुचवलं तेव्हा त्यांच्या मनात नाट्यसंस्था, वाचनालय किंवा शिक्षणसंस्था असणार. मी ज्या संस्थेविषयी लिहिते आहे तिला घटना नाही, नोंदणी क्रमांक नाही, अध्यक्ष-चिटणीस नाहीत. एक खुलं नाट्यगृह, तिथे दरवर्षी भरणारी एक मैफल आणि त्या वातावरणात उभा राहिलेला एक बँड, एवढाच तिचा पसारा. तरीही ही संस्थाच होती असं माझं ठाम मत आहे. हजारो मुलं तिथे काही शिकली, त्यांनी ते पुढच्यांना शिकवलं, आणि हे करताना कुणी कुणाकडून फी घेतली नाही.

रंगभवन मुंबईत धोबीतलावला आहे. सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारी, राज्य सरकारच्या मालकीचं खुलं नाट्यगृह. वर आकाश, समोर रंगमंच आणि काही हजार माणसं मावतील एवढी जागा. मरीन लाइन्स आणि तेव्हाचं व्ही.टी. ही दोन्ही स्थानकं चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे बोरिवलीचा मुलगा पश्चिम रेल्वेनं यायचा, डोंबिवलीचा मध्य रेल्वेनं आणि गिरगावातला पायी. धोबीतलावलाच फुर्टाडोंचं वाद्यांचं दुकान. ज्यांना गिटार विकत घेणं परवडत नसे ते काचेबाहेर उभं राहून ती बघत आणि मग रंगभवनाकडे वळत.

या जागेला संगीताची परंपरा जुनी. १९७८ साली निरंजन झवेरी यांच्या पुढाकारानं ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली आणि सनी रोलिन्ससारखा जगद्विख्यात सॅक्सोफोनवादक मुंबईकरांना ऐकायला मिळाला. पुढे १९८६ साली फरहाद वाडिया यांनी ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू केलं. सगळे त्याला ‘आय-रॉक’ म्हणत. स्वातंत्र्यदिनाच्या आसपास भरायचं म्हणून हे नाव. ऑगस्ट महिना, मुंबईचा पाऊस आणि वर छप्पर नाही. तरी माणसं भिजत उभी राहायची. देशभरातले बँड इथे एकामागून एक वाजवून जात. रॉक मशीन हा त्या काळातला मुंबईचा सगळ्यांत नावाजलेला बँड. १९८८ मध्ये त्यांनी स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला आणि पुढे ‘इंडस क्रीड’ असं नाव घेतलं. स्वतःच्या गाण्यांचा अल्बम ही गोष्ट आज साधी वाटेल. तेव्हाच्या प्रेक्षकांना मात्र परदेशी बँडची गाणी हुबेहूब ऐकायची असत. स्वतःचं गाणं वाजवायला घेतलं की खालून ओरडा सुरू व्हायचा. त्या ओरड्याला तोंड देऊन आपलंच गाणं शेवटपर्यंत वाजवायला जिगर लागत असे, आणि ती जिगर घडवण्याचं काम रंगभवनानं केलं.

थ्रॅश मेटल म्हणजे काय, हे मंडळातल्या ज्येष्ठांसाठी थोडक्यात सांगायला हवं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश हेवी मेटल आणि पंक यांच्या मिश्रणातून हा प्रकार अमेरिकेत जन्मला. मेटॅलिका आणि स्लेयर या दोन्ही बँडचे पहिले अल्बम १९८३ चे. त्याच दशकात जर्मनीच्या कोळसा-पोलादाच्या पट्ट्यातून क्रिएटर आणि सोडम, तर ब्राझीलच्या बेलो होरिझोंते शहरातून सेपुलतुरा पुढे आले. कारखान्यांची शहरं, हाताला काम नसलेली तरुण मुलं आणि युद्धाची, अणुबॉम्बची, भ्रष्ट सत्तेची गाणी. मला या संगीतात राग जितका ऐकू येतो तितकीच शिस्तही ऐकू येते. गिटार वाजवणारा उजव्या तळव्याची कड तारांच्या मुळाशी टेकवून ठेवतो आणि त्याच हातानं अतिवेगानं आघात करतो, म्हणून स्वर न लांबता तुटक, ठोसा मारल्यासारखा येतो. ड्रमवाल्याचे दोन्ही पाय दोन पेडलवर आलटून पालटून चालतात. लय अर्ध्या मात्रेनं जरी घसरली तरी सगळी रचना कोसळते. तबल्याचा रेला मन लावून ऐकणाऱ्याला यातली मेहनत समजायला वेळ लागणार नाही.

माझं बालपण चंडीगढचं. वडिलांची नोकरी इथे, आजोळ गिरगावात. सेक्टर १७ च्या बाजारात इंग्रजी कॅसेट मिळत, पण त्यात मेटॅलिका आणि मेगाडेथ यांच्या पलीकडे फारसं काही नसे. खरा खजिना मामेभावाकडून येई. दादा काळाघोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये तासन् तास घालवायचा, मित्रांकडून अल्बम मागून आणायचा आणि ९० मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर माझ्यासाठी उतरवून पोस्टानं पाठवायचा. एका बाजूला ४५ मिनिटं. स्लेयरचा ‘रेन इन ब्लड’ जेमतेम २९ मिनिटांचा, म्हणजे त्या बाजूवर बरीच फीत शिल्लक राही. त्या उरलेल्या फितीवर दादा रंगभवनात खिशातल्या छोट्या रेकॉर्डरवर टिपलेला आवाज भरायचा. गर्दीचा गोंगाट, शिट्ट्या, कुणीतरी ‘पाणी आहे का रे’ असं विचारलेलं, आणि मधूनच लांबून आल्यासारखे ड्रम. गाणं कुणाचं, बँड कुठला, काही कळायचं नाही. पण ते सगळं मराठी मुलांच्या घोळक्यातून आलं होतं एवढं कळायचं. इथे मंडळाच्या गणेशोत्सवात आरत्या म्हणणारी आणि कानात वॉकमन लावून थ्रॅश ऐकणारी मुलगी एकच होती, आणि या दोन गोष्टींचं आपसात भांडण असल्याचं मला कधी जाणवलं नाही.

याच सुमाराला, म्हणजे १९९३ मध्ये, अलाहाबादहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे मासिक निघू लागलं. अमित आणि शेना सैगल या दांपत्यानं काढलेलं. मुंबई, बंगळूर, शिलाँग, दिल्ली इथल्या बँडची खबरबात या मासिकानं एकमेकांना दिली. अलाहाबादसारख्या गावातून हे घडतं, तर चंडीगढलाही आपण एकटे नाही, हा धीर मला त्या मासिकानं दिला. अमित सैगल २०१२ च्या जानेवारीत गोव्यात अपघाती गेले. भारतातल्या रॉकचा इतिहास लिहायचा तर त्यांचं नाव पहिल्या पानावर यायला हवं.

१९९८ साली मुंबईत सेप्टर हा बँड सुरू झाला. भारतातल्या सर्वांत जुन्या थ्रॅश बँडमध्ये त्याची गणना होते. गिटारवर गिलरॉय फर्नांडिस, ड्रमवर अनिकेत वाघमारे, पुढे गायक म्हणून सॅमरॉन ज्यूड. माणसं येत-जात राहिली, पण संगीताचा पिंड बदलला नाही. मी पुढे शिक्षणासाठी मुंबईला गेले आणि गेले त्याच वर्षी दादानंच मला पहिल्यांदा यांना ऐकायला नेलं. अनिकेत वाघमारे ड्रमवर बसला आणि पहिल्या काही क्षणांत माझी छाती आतून हलायला लागली. तोवर मी हे संगीत कॅसेटवर ऐकलं होतं, ते कानांपर्यंत येऊन थांबत असे. समोर उभं राहून ऐकताना ड्रमचा आघात बरगड्यांत बसतो. दादाच्या कॅसेटमधला तो लांबचा ड्रम जवळून असा लागतो, हे तेव्हा कळलं.

रंगमंचासमोर मुलं वर्तुळ करून एकमेकांवर धडका घेत होती. बाहेरच्या माणसाला ती मारामारी वाटते. मी काठावर उभी राहून नीट पाहिलं. एक सडपातळ मुलगा पाय घसरून पडला आणि क्षणात चार हातांनी त्याला उचललं. त्याचा चष्मा कुणीतरी उंच धरून ठेवला होता, तो त्याच्या हातात दिला आणि वर्तुळ पुन्हा फिरू लागलं. पडलेल्याला आधी उचलायचं, हा या गर्दीचा पहिला नियम. तो कुठे लिहिलेला नाही आणि कुणी मोडतही नाही. मुली तिथे मोजक्याच असत. मला धक्का लागू नये म्हणून अनोळखी मुलं न सांगता पाठमोरी उभी राहून आडोसा करत. लोकलच्या गर्दीत जे भय वाटायचं ते इथे वाटलं नाही.

सेप्टरचा पहिला अल्बम ‘नाउ ऑर नेव्हर’ यायला २००८ साल उजाडलं. स्थापनेपासून दहा वर्षं. आळस हे त्याचं कारण नाही. थ्रॅश नीट ध्वनिमुद्रित करणारे स्टुडिओ कमी, त्यांचं ताशी भाडं जबर, पाठीशी कंपनी नाही. सराव करायचा तर तासावर खोली भाड्यानं घ्यायची, दिवसभर नोकरी करायची आणि रात्री वाद्यं खांद्यावर टाकून लोकलनं घरी जायचं. या वाटेनं जाणाऱ्या बहुतेक बँडचं दोन-तीन वर्षांत विसर्जन होतं. सेप्टर टिकला, आणि टिकणं हीच मी त्याची पहिली कामगिरी मानते.

अल्बमला उशीर होण्याचं दुसरं कारण जागेचं. २००० साली केंद्र सरकारनं ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. रुग्णालय, शिक्षणसंस्था आणि न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला. रंगभवनाला कॉलेज लागून आणि कामा रुग्णालय जवळच. पुढच्या काही वर्षांत तिथला आवाज बंद झाला. आय-रॉकला अंधेरीच्या चित्रकूट मैदानासारख्या जागा शोधाव्या लागल्या. नियमाविरुद्ध माझी तक्रार नाही. बाळंतिणीला आणि आजाऱ्याला शांतता मिळालीच पाहिजे, यात वाद घालण्यासारखं काही नाही. तक्रार आहे ती पुढच्या मौनाबद्दल. शहराच्या मध्यावर, रेल्वेला लागून असलेली, खिशाला परवडणारी खुली जागा गेली आणि तिच्या बदल्यात दुसरी द्यावी असं वीस वर्षांत कुणाला वाटलं नाही. खाजगी मैदानाचं भाडं ज्यांना परवडतं त्यांनीच मैफली करायच्या, असा याचा अर्थ झाला. नाटकाचं नाट्यगृह बंद झालं तर मराठी माणूस पत्रं लिहितो, मोर्चा काढतो. रंगभवनासाठी असा कुणी रस्त्यावर आलेला मी तरी पाहिला नाही.

मग वाजवणारी मंडळी छपराखाली गेली. जुहूचं रॅझबेरी ऱ्हायनोसेरॉस, नंतर अंधेरीचं बी-६९, कॉलेजांचे महोत्सव, पवईच्या आय.आय.टी.चा मूड इंडिगो. छोट्या, घामट, कमी उंचीच्या जागा. आश्चर्य असं की मुंबईतलं मेटल याच काळात सर्वांत जोमानं वाढलं. साहिल मखिजाचा डिमॉनिक रिझरेक्शन २०००चा, भयानक मौत २००३चा, झिग्निमा २००६चा. मखिजानं स्वतः रेकॉर्ड लेबल काढून इतरांचे अल्बमही प्रकाशित केले. बंगळूरचा क्रिप्टॉस हा सेप्टरच्याच वयाचा बँड २०१३ मध्ये जर्मनीतल्या वाकेन महोत्सवात वाजवून आला. मेटलच्या चाहत्यांसाठी वाकेन म्हणजे पंढरी, एवढं सांगितलं म्हणजे त्याचं मोल कळेल.

या सगळ्यात सेप्टर मागे का पडला? मला दिसणारी कारणं सांगते. दोन हजारच्या दशकात तरुण कान डेथ मेटल आणि मेटलकोर या मेटलच्या दुसऱ्या प्रकारांकडे वळले, थ्रॅश जुना झाला असं मानलं जाऊ लागलं, आणि सेप्टरनं हवा बघून शिडं फिरवली नाहीत. पहिला अल्बम उशिरा आला, त्यामुळे त्यांच्या ऐन भरातली वर्षं ध्वनिमुद्रणाशिवायच गेली. शिवाय लिहिणारं कुणी नव्हतं. इंग्रजी नियतकालिकांत थोडंफार आलं, पण एका वाघमारेनं ड्रमवर काय काम केलं आहे हे मराठी वर्तमानपत्रात माझ्या वाचनात कधी आलं नाही. आपल्या सांस्कृतिक पुरवण्यांत नाटक येतं, शास्त्रीय गायन येतं, सिनेमा तर येतोच. डोंबिवली-ठाण्याच्या मुलांनी स्वतःच्या पैशानं उभं केलेलं हे संगीत मात्र आपलं नव्हेच, अशा थाटात बाजूला राहिलं.

२०१३ मध्ये सेप्टरचा दुसरा अल्बम आला, ‘एज ऑफ कॅलॅमिटी’. यातली गाणी एका सूत्रात गुंफलेली आहेत आणि ते सूत्र आहे स्त्रियांवर होणारे अत्याचार. आदल्याच डिसेंबरात दिल्लीत चालत्या बसमधल्या सामूहिक बलात्काराची घटना घडली होती. इथे चंडीगढलाही आम्ही मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उतरलो होतो. मेटलमध्ये सैतान, युद्ध, रक्त यांची गाणी पुष्कळ. पुरुषांनीच भरलेल्या एका बँडनं स्त्रीच्या दुःखावर पूर्ण अल्बम बेतावा, तोही दया न दाखवता, संतापून, हे मला फार मोठं वाटलं. तोवर मी या संगीताची चाहती होते. त्या अल्बमनंतर हे संगीत माझ्याही बाजूनं उभं आहे असं वाटायला लागलं. भारतीय थ्रॅशमध्ये मला यापेक्षा महत्त्वाचा अल्बम माहीत नाही. कुणाला हे मत अतिशयोक्त वाटलं तर त्यांनी आधी तो पूर्ण ऐकावा, मग वाद घालावा. मी तयार आहे.

या काळात जगातले मोठे बँडही भारतात येऊ लागले होते. आयर्न मेडन २००७ मध्ये बंगळूरला आला, पुढच्या वर्षी मुंबईलाही. २०११ च्या ऑक्टोबरात मेटॅलिका यायची होती, २८ तारखेला गुडगावला आणि ३० ला बंगळूरला. चंडीगढहून कितीतरी मुलं गुडगावला गेली. प्रेक्षकांपुढचा कठडा तुटला, कार्यक्रम आधी लांबणीवर पडला, मग रद्द झाला, आणि चिडलेल्या गर्दीतल्या काहींनी रंगमंचाची मोडतोड केली. वर्तमानपत्रांत दुसऱ्या दिवशी मेटलच्या चाहत्यांच्या बेशिस्तीवर भरभरून लिहून आलं. ते वाचताना मला चष्मा उंच धरणारा तो मुलगा आठवत होता. त्याच्याबद्दल कुणी एक ओळ लिहिली नव्हती. ज्या जागी माणसं एकमेकांना वर्षानुवर्षं भेटतात तिथे शिस्त आपोआप रुजते. एका दिवसापुरत्या जमलेल्या हजारोंमध्ये ती कुठून येणार? लहान, कायमच्या जागा शहरात का हव्यात, याचं उत्तर मला त्या दिवशी पुरतं मिळालं.

बाकीचा वृत्तान्त थोडक्यात. ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं. आय-रॉक मधल्या खंडानंतर २०२२ च्या नोव्हेंबरात माझगावला पुन्हा भरलं. रंगभवनाच्या जागी मराठी भाषा भवन उभारायची घोषणा झाली होती, पण वास्तू वारसा यादीतली असल्यानं ते जमलं नाही आणि २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, भाषा भवनाचं भूमिपूजन चर्नी रोडला झालं. मराठी भाषेला जागा मिळाली याचा आनंदच आहे. रंगभवनाचं पुढे काय, हे मात्र तेव्हाही ठरलं नाही. आवाज न करणारे कार्यक्रम, कविसंमेलनं, वाद्यांच्या कार्यशाळा, ध्वनिमुद्रित संगीताचं संग्रहालय, यातलं काहीही तिथे होऊ शकतं, आणि त्यानं शेजारच्या रुग्णालयातल्या एकाही पेशंटची झोप मोडणार नाही.

मंडळातल्या सभासदांना एक विनंती करायची आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांचं शिक्षण किंवा नोकरी मुंबईत झाली आहे. घरात माळ्यावर, जुन्या पेटीत, आय-रॉकचं एखादं तिकीट, रंगभवनात काढलेला फोटो, ‘रॉक स्ट्रीट जर्नल’चा अंक किंवा घरगुती ध्वनिमुद्रणाची कॅसेट असेल तर ती रद्दीत टाकू नका. चुंबकीय फितीचं आयुष्य मर्यादित असतं, दमट हवेत तिला बुरशी येते आणि एकदा ती चिकटली की आतला आवाज परत मिळवणं फार कठीण. माझ्या दादाच्या कॅसेटींवर बँडची नावं नाहीत, तारखा नाहीत, आणि आता ती सांगायला दादाही नाही. तुमच्याकडे जे असेल त्यावर आठवेल तेवढं वर्ष, ठिकाण आणि बँडचं नाव आजच लिहा आणि मंडळाच्या ग्रंथालयात आणून द्या. कॅसेट संगणकावर उतरवून घेण्याचं काम मी करीन आणि मूळ वस्तू तुम्हाला परत देईन. सेप्टरचे दोन्ही अल्बमही शोधून ऐका, घरातल्या मुलांबरोबर ऐका.